आठ दातांचा रिम बसवून देणाऱ्या मेस्त्रीकाकांस

आदरणीय मेस्त्रीकाका,
सप्रेम नमस्कार, वि. वि.

माझ्या चेनसॉचा कापण्याचा वेग वाढावा म्हणून आपण जे काम करून दिलेत, त्याबद्दल हे जाहीर आभारपत्र लिहीत आहे. वादळात आडवी झालेली झाडे स्वतःच तोडणाऱ्या इतर बागायतदारांनाही ते वाचून उपयोग व्हावा, हाही हेतू आहेच.

रिम म्हणजे इंजिनाच्या बाजूला चेन फिरवणारे छोटे दातेरी चाक; सात दातांच्या रिमऐवजी आठ दातांचा रिम घालून द्यावा, एवढीच माझी मागणी होती. आपण मात्र आधी बार (ज्याभोवती चेन फिरते ते लांब पाते) व्हाइसमध्ये धरून चेनमधला सर्वांत आखूड दात शोधलात आणि बाकीचे सगळे दात त्याच्या मापाला आणलेत. साडेपाच मिलिमीटरची गोल कानस ३० अंशांच्या कोनात, दाताच्या आतून बाहेर मारायची आणि मागे घेताना उचलून घ्यायची, ही आपली पद्धत मी जवळून पाहिली. रेकर, म्हणजे दात लाकडात किती खोल जाईल हे ठरवणारा त्याच्यापुढचा उंचवटा, आपण मापाची पट्टी ठेवून दाताच्या टोकापेक्षा ०.६५ मिलिमीटर खाली आणलात आणि त्याखाली एक घासही मारला नाहीत, कारण जुन्या फणसाच्या लाकडात रेकर फार उतरवला की दात जास्त चावतो, इंजिन दबते आणि बार उसळून अंगावर येण्याचा धोका वाढतो. माझ्या मते निम्म्याहून अधिक फरक या धारेनेच पडला.

रिमचा हिशेब आपण सायकलच्या गिअरसारखा मांडलात. ३/८ इंच पिचची (पिच म्हणजे लागोपाठच्या तीन रिव्हेटांमधल्या अंतराच्या निम्मे) चेन सात दातांवर एका फेऱ्याला सव्वापाच इंच सरकते, तर आठ दातांवर सहा इंच; म्हणजे वेग सुमारे १४ टक्के वाढतो, पण ओढ आठव्या हिश्शाने घटते, त्यामुळे इंजिनाचे फेरे टिकले तरच हा वेग हाती लागतो. माझी मशीन ७० सीसीची आणि बार १८ इंची, म्हणून आपण होकार दिलात. शेजाऱ्यांच्या लहान मशीनला तोच रिम बसवायला आपण साफ नकार दिलात, तो मला अधिक मोलाचा वाटतो. (ते अजून थोडे रुसलेले आहेत.)

जुन्या रिमवर चेनने पाडलेल्या खाचा आपण मला अंगठ्याने चाचपायला लावल्यात आणि झिजलेला रिम नवी चेनही लवकर खातो, हे पटवलेत. रिम, चेन आणि बारच्या टोकाचे चाक एकाच पिचचे आहे ना, मोठा रिम कव्हरला घासत नाही ना, चेनचा ताण आणि ब्रेक ठीक आहे ना, हे सारे तपासून वाढत्या वेगासाठी तेलाचा स्क्रूही थोडा वाढवलात.

आंब्याच्या मध्यम फांद्यांत आता मशीन न दबता चालते. पूर्ण बार बुडेल असे खोड आले की आपल्या सांगण्याप्रमाणे सात दातांचा नवा रिम घालतो. पावसाळ्यानंतर चेन पुन्हा दाखवायला आणीन.

आपला कृतज्ञ,
दापोलीतील एक बागायतदार