महाधिवक्ता म्हणजे ‘सरकारी वकील’ नव्हे

महोदय,

न्यायालयाच्या बातम्यांत महाधिवक्त्यांना, म्हणजे राज्य सरकारच्या सर्वोच्च कायदा सल्लागाराला, सर्रास ‘सरकारी वकील’ म्हटले जाते. परवा स्पर्धा परीक्षा देणाऱ्या नातवाच्या वहीतही तेच दिसले. लाल पेनाने खोडले. फौजदारी खटले चालवणारा सरकारी वकील वेगळा. महाधिवक्ता हे राज्यघटनेच्या कलम १६५ मधले पद, पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची. कलम १७७ नुसार ते विधिमंडळात बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

मुंबईत हे पद घटनेहून जुने. मोतीलाल सेटलवाड १९३७ साली मुंबई प्रांताचे ॲडव्होकेट जनरल (महाधिवक्ता) झाले, १९४२ मध्ये राजीनामा देऊन बाहेर पडले आणि १९५० मध्ये देशाचे पहिले महान्यायवादी (केंद्राचे ॲटर्नी जनरल) झाले. एच. एम. सीरवई १९५७ ते १९७४ अशी १७ वर्षे महाधिवक्तापदी टिकले. आता तसे कोणी टिकेल, असे वाटत नाही. २०१६ मध्ये राज्याचे महाधिवक्ता श्रीहरी अणे वेगळ्या विदर्भ-मराठवाड्यावर बोलले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि पद गेले. घटनेत मुदत नाहीच. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, एवढेच. ती मर्जी प्रत्यक्षात कोणाची, हे सांगायला नको.

– एक ज्येष्ठ वाचक, ठाणे