लोकसभेच्या अध्यक्षांना इंदूरहून खुले पत्र: विरोधकांसाठी दिवस राखून ठेवा

मा. अध्यक्ष महोदय,
लोकसभा, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी इंदूरच्या रामबागेत राहते. शाळेत नागरिकशास्त्र शिकवत निवृत्त झाले. माझी मागणी एकच आहे. ती आधी सांगते, मग कारणं. लोकसभेच्या नियमांत विरोधी पक्षांसाठी प्रत्येक अधिवेशनात काही दिवस राखून ठेवा. त्या दिवशी चर्चा कशावर हे विरोधकांनी ठरवावं, सरकारने उत्तर द्यावं आणि शेवटी मतविभाजन, म्हणजे मतं मोजून मतदान, व्हावं. नियम समितीचे अध्यक्ष आपणच असता, कामकाज सल्लागार समितीचेही आपणच. म्हणून हे पत्र पंतप्रधानांना किंवा संसदीय कामकाज मंत्र्यांना न लिहिता आपल्याला लिहिते आहे.

ही मागणी इंदूरहून का, तेही सांगायला हवं. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत अर्ज मागे घेण्याच्या शेवटच्या दिवशी, २९ एप्रिलला, काँग्रेसच्या उमेदवाराने अर्ज मागे घेतला आणि ते भाजपमध्ये गेले. १३ मेला आम्ही मतदान केंद्रावर गेलो तेव्हा यंत्रावर नावं होती, लढत नव्हती. भाजपचे शंकर लालवानी पावणेबारा लाखांच्या मताधिक्याने निवडून आले. दुसऱ्या क्रमांकावर उमेदवार नव्हता, 'नोटा' म्हणजे 'वरीलपैकी कुणीही नाही' हा पर्याय होता. मतं २ लाख १८ हजार ६७४. तोवर देशातल्या कुठल्याही मतदारसंघात नोटाला एवढी मतं पडलेली नव्हती.

त्यातलं एक मत माझं. मी भाजपची विरोधक नाही. १९८९ पासून सुमित्राताई महाजन आठ वेळा इथून निवडून गेल्या, आणि आठही वेळा मी ताईंनाच मत दिलं. २०२४ मध्ये जे झालं ते व्हायला नको होतं, असं खुद्द ताईही तेव्हा जाहीरपणे म्हणाल्या होत्या. समोर तोलामोलाचा उमेदवार असावा आणि तरीही मी ज्याला मत देते तो जिंकावा, यात मतदाराचा मान आहे. तो मान आम्हाला मिळाला नाही. याच इंदूरने १९६२ मध्ये, काँग्रेस सगळीकडे जोरात असताना, गिरणी कामगारांचे पुढारी होमी दाजी यांना अपक्ष म्हणून लोकसभेत पाठवलं होतं. विरोधी बाकावर आपला माणूस बसलेला असला की त्याचा उपयोग काय असतो, हे इथल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे.

आमच्यापासून तासाभरावर महू आहे, बाबासाहेबांचं जन्मगाव. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी घटनेचा मसुदा संविधान सभेपुढे ठेवताना त्यांनी एक गोष्ट फार स्पष्ट करून सांगितली होती. सरकार टिकाऊ असावं आणि जबाबदारही असावं, पण दोन्ही गोष्टी सारख्याच प्रमाणात देणारी पद्धत अजून कुणाला सापडलेली नाही. अमेरिकेची पद्धत टिकाऊपणाला झुकतं माप देते, ब्रिटनची जबाबदारीला. आपल्या मसुद्याने जबाबदारी निवडली. ही जबाबदारी दोन प्रकारे तपासली जाते. मतदार ती मुदतीने, निवडणुकीत तपासतात. सभागृह ती रोज तपासतं: प्रश्न, ठराव, अविश्वास, तहकुबी (म्हणजे ठरलेलं काम थांबवून तातडीचा विषय घेणं) आणि अभिभाषणावरची चर्चा यांमधून. हे शिकवताना मी फळ्यावर दोन रकाने आखत असे, 'मुदतीचा हिशेब' आणि 'रोजचा हिशेब'. २०२४ मध्ये आमचा मुदतीचा हिशेब नीट झालाच नाही. हाती राहिला तो रोजचा, आणि तो आपल्या सभागृहात होतो. म्हणून त्या सभागृहात विरोधी बाकांचं काय होतं, याची इंदूरकराला काळजी आहे, मग त्याने मत कुणालाही दिलेलं असो.

आता त्या दिवसाबद्दल लिहिते, ज्याने हे पत्र लिहायला लावलं. २ एप्रिल २०२५. वक्फ दुरुस्ती विधेयकावर दुपारी सुरू झालेली चर्चा मध्यरात्र उलटून गेली तरी चालूच होती. विधेयक आधी संयुक्त समितीकडे जाऊन आलं होतं. दोन्ही बाजूंचे वक्ते तयारी करून आले होते. आवाज चढले, टोमणे झाले, कायद्याची कलमं काढली गेली, इतिहास काढला गेला. प्रत्येकाची भूमिका पक्षाची होती, कुणी कुणाचं मन वळवलं असेल असं मला वाटत नाही. शेवटी मतविभाजन झालं: बाजूने २८८, विरोधात २३२. विधेयकाबद्दल माझं मत काय ते इथे बाजूला ठेवते. पण सभागृह कशासाठी असतं हे त्या दिवशी दिसलं. अशा दिवशी लोक म्हणतात, खासदार नुसते पक्षासाठी भांडतात. मला त्यात वावगं दिसत नाही. पक्ष आहेत म्हणून निवड आहे, आणि भांडण समोरासमोर झालं तर ऐकणाऱ्याला दोन्ही बाजू कळतात. आमच्या गल्लीतही दोन्ही बाजूंची माणसं आहेत. दुसऱ्या दिवशी ओटल्यावर त्यांचा वाद झाला तो निदान भाषणांमधल्या मुद्द्यांवर झाला.

खटकलं ते पुढचं. मतविभाजन उरकल्यावर, पहाटे दोनच्या सुमारास, मणिपूरमधल्या राष्ट्रपती राजवटीला मान्यता देणारा ठराव घेतला गेला. ३ मे २०२३ पासून जळत असलेलं राज्य, अडीचशेहून अधिक माणसं गेलेली, हजारो कुटुंबं छावण्यांमध्ये. तिथे १३ फेब्रुवारी २०२५ ला राष्ट्रपती राजवट लागली. घटनेच्या कलम ३५६ प्रमाणे अशा राजवटीला दोन महिन्यांत दोन्ही सभागृहांची मान्यता लागते, आणि अधिवेशन ४ एप्रिलला संपत होतं. म्हणजे मुदत कधीपासून ठाऊक होती. तरी या विषयाला मिळाली ती पहाटेची वेळ, पाऊण तासाच्या आत चर्चा आटोपली आणि आवाजी मतदानाने ठराव संमत झाला. काही सदस्य पोटतिडकीने बोलले. ते ऐकायला देशात जागं कोण होतं?

विरोधकांचा एक राखीव दिवस असता तर मणिपूर पहाटे दोनला आलं नसतं. त्यांनी तो विषय भर दुपारी, साऱ्या देशासमोर, गृहमंत्र्यांसमोर ठेवला असता. कामकाजात कुठला विषय कधी हे आज जवळजवळ पूर्णपणे सरकारच्या सोयीने ठरतं. नियम १९३ खाली चर्चा मिळते, पण तिच्यात मतदान नसतं. नियम १८४ खाली मतदान असतं, पण प्रस्ताव स्वीकारायचा की नाही हे आपल्या हाती आणि वेळ कधी द्यायची हे सरकारशी बोलून. तहकुबी प्रस्तावाचंही तेच. कुठलाही विरोधी पक्ष घ्या, आपला विषय मांडण्याचा हक्काचा दिवस त्याच्याकडे नाही. मग तो फलक घेऊन हौद्यात, म्हणजे आपल्या आसनासमोरच्या मोकळ्या जागेत, उतरतो, कारण तेवढं तरी दिसतं.

यावर सत्ताधारी म्हणतील की गोंधळ विरोधकच घालतात. घालतात, खरं आहे. २०१० चं हिवाळी अधिवेशन टू-जी प्रकरणात संयुक्त समितीच्या मागणीवरून जवळजवळ अख्खं वाया गेलं, तेव्हा विरोधात भाजप होता. पुढे बाकांची अदलाबदल झाली आणि दोन्हीकडची वाक्यंही बदलली. म्हणूनच मी हे कुठल्या पक्षाची बाजू घेऊन मागत नाही. आज जो विरोधात आहे त्याला दिलेला हक्क उद्या दुसऱ्याच्या कामी येईल.

आणि ही गोष्ट आपल्या नियमांना परकीही नाही. शुक्रवारचे शेवटचे अडीच तास खासगी, म्हणजे मंत्री नसलेल्या, सदस्यांच्या कामकाजासाठी राखीव असतातच. एकट्या सदस्याला वेळ राखून ठेवता येतो, मग लाखो-कोटी मतं मिळवलेल्या पक्षांना का नाही? ज्या ब्रिटनची पद्धत आपण घेतली तिथे हाउस ऑफ कॉमन्सच्या नियमांत दर सत्रात २० दिवस विरोधकांचे असतात, त्यातले १७ सर्वात मोठ्या विरोधी पक्षाचे आणि ३ त्याच्या खालोखालच्या पक्षाचे. कॅनडात असे २२ दिवस आहेत. आपल्याकडे दिवसच कमी पडतात, हे मात्र मान्य. पहिल्या लोकसभेच्या ६७७ बैठका झाल्या होत्या, सतराव्या लोकसभेच्या पाच वर्षांत २७४. पण बैठका कमी असतील तर वाटणी जास्तच नियमाने व्हायला हवी.

सुमित्राताई लोकसभेच्या अध्यक्ष असतानाचं एक उदाहरण देते. आमच्या घरची गोष्ट असल्यासारखं आम्ही ते पाहिलं होतं. २०१८ च्या मार्चमध्ये तेलुगू देसम आणि वायएसआर काँग्रेसने अविश्वास ठरावाच्या नोटिसा दिल्या. त्यासाठी ५० सदस्यांनी उभं राहून पाठिंबा दाखवावा लागतो. दुसरे पक्ष आपापल्या मागण्या घेऊन हौद्यात होते, आणि सभागृह शांत नसताना मोजणी करता येत नाही, असं ताई रोज सांगत राहिल्या. तसंच ते अधिवेशन संपलं. जुलैमध्ये मात्र अधिवेशनाच्या पहिल्याच दिवशी त्यांनी नोटीस स्वीकारली. २० जुलैला दिवसभर चर्चा झाली आणि रात्री ३२५ विरुद्ध १२६ मतांनी ठराव पडला. सरकारचं काही बिघडलं नाही, उलट त्याला आपलं म्हणणं सविस्तर मांडता आलं. मार्चमध्ये जे अडलं ते कुणाच्या मनातल्या खोटेपणामुळे अडलं असं मी म्हणणार नाही, ताईंबद्दल तर नाहीच. पण सगळं खुर्चीच्या निर्णयावर सोपवलेलं असलं की बोट खुर्चीकडेच जातं. दिवस नियमातच ठरलेले असते तर ते बोट उठलं नसतं.

निलंबनाबद्दल थोडक्यात लिहिते. डिसेंबर २०२३ च्या अधिवेशनात दोन्ही सभागृहांचे मिळून १४६ सदस्य निलंबित झाले. १३ डिसेंबरला प्रेक्षक कक्षातून दोघांनी सभागृहात उड्या मारल्या, त्यावर गृहमंत्र्यांनी निवेदन करावं ही निलंबित सदस्यांची मागणी होती. २० डिसेंबरला भारतीय न्याय संहिता आणि तिच्या सोबतची दोन विधेयकं लोकसभेत संमत झाली, तेव्हा सभागृहातले जवळपास शंभर सदस्य बाहेर होते. देशाचा फौजदारी कायदा बदलत होता, आणि इंदूरच्या मतदान यंत्रावर नंतर जे दिसलं तेच त्या बाकांवर दिसत होतं. शिस्त हवीच. पण बेशिस्तीची शिक्षा त्या शंभर मतदारसंघांतल्या माणसांनी का भोगावी?

आणखी एक, उपाध्यक्षपद. घटनेच्या कलम ९३ प्रमाणे सभागृहाने शक्य तितक्या लवकर अध्यक्ष आणि उपाध्यक्ष निवडायचे असतात. सतरावी लोकसभा पूर्ण पाच वर्षं उपाध्यक्षाविना गेली. हे पद विरोधी बाकांवरच्या सदस्याला देण्याची प्रथा अनेक लोकसभांनी पाळलेली आहे. त्या पदाची गरज कशी पडते ते पहिल्या लोकसभेत दिसलं होतं. पहिले अध्यक्ष दादासाहेब मावळंकर, बडोद्यात जन्मलेले, आम्हा महाराष्ट्राबाहेरच्या मराठी माणसांना जवळचे. डिसेंबर १९५४ मध्ये त्यांना पदावरून दूर करण्याचा ठराव आला. अशा वेळी अध्यक्षांनी पीठासनावर बसू नये असं कलम ९६ सांगतं, म्हणून तिथे उपाध्यक्ष अनंतशयनम अय्यंगार बसले. नेहरूंनी आपल्या पक्षाच्या सदस्यांना व्हिपचं बंधन नसल्याचं सभागृहातच सांगितलं. ठराव फेटाळला गेला आणि मावळंकरांचा मान तसूभरही कमी झाला नाही. ज्यांच्यावर टीका होऊ शकते ते कमकुवत होत नाहीत, हे तेव्हाच्या काँग्रेसला कळत होतं. आजच्या सत्ताधाऱ्यांनाही कळत असणार.

प्रक्षेपणाचाही विषय आहे. विरोधक उभे राहिले की बऱ्याचदा कॅमेरा आपल्या आसनाकडे वळतो, आणि घरी बसलेल्याला नुसता आवाज येतो. सभागृह जसं आहे तसं दाखवायला सांगावं, एवढंच.

तर माझी विनंती अशी. पुढचं अधिवेशन बोलावलं जाण्याआधी नियम समितीची बैठक घ्या आणि विरोधकांच्या दिवसांचा प्रस्ताव तिच्यापुढे ठेवा. किती दिवस, कुठल्या पक्षाला किती, हे समितीने सर्वांशी बोलून ठरवावं. सुरुवात म्हणून अर्थसंकल्पी, पावसाळी आणि हिवाळी अशा प्रत्येक अधिवेशनात निदान तीन दिवस असावेत असं मला वाटतं. त्यांच्या तारखा अधिवेशनाच्या कार्यक्रमासोबतच जाहीर व्हाव्यात, आणि त्या दिवशी सभागृह विरोधकांच्याच गोंधळाने बंद पडलं तर दिवस त्यांचाच बुडाला असं नियमातच लिहावं. समितीला प्रस्ताव मान्य नसेल तर तिने कारणं लेखी द्यावीत आणि ती सभागृहाच्या पटलावर ठेवावीत, म्हणजे आमच्या खासदारांना त्यावर प्रश्न विचारता येईल. या पत्राची एक प्रत मी त्यांनाही पाठवते आहे.

आपली,
एक मतदार आणि निवृत्त शिक्षिका
रामबाग, इंदूर