चकमकीच्या चापाला यंत्राचा विटाळ कसला?

महोदय,

जुन्या शस्त्रांच्या प्रतिकृतींवर तुमच्या पुरवणीत आलेल्या लेखाचा सूर असा, की सीएनसीवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या यंत्रावर, काढलेला चकमकी बंदुकीचा चाप (गार धरलेला घोडा पोलादी पात्यावर आपटून ठिणगी पाडणारी यंत्रणा) 'पारंपरिक' म्हणताच येणार नाही. इतिहास नेमका उलटा आहे. कुठलाही सुटा भाग कुठेही बसला पाहिजे, ही कल्पना अगदी सुरुवातीला ज्या वस्तूंवर पारखली गेली त्यांत हाच चाप होता. 1785 साली फ्रान्समध्ये ओनोरे ब्लाँ या बंदूक-कारागिराने 50 चापांचे भाग सुटे करून थॉमस जेफरसन यांच्यापुढे मांडले आणि जेफरसन यांनी हाताला येतील ते भाग उचलून काही चाप स्वतः जोडले. पुढे 1820च्या दशकात अमेरिकेत हार्पर्स फेरीच्या सरकारी शस्त्रागारात जॉन हॉलने आपल्या चकमकी रायफलीचे भाग मिलिंगवर, म्हणजे फिरत्या दातेरी कटरने धातू कापणाऱ्या यंत्रावर, काढले. म्हणजे या चापाला यंत्राची ओळख दोनशे वर्षांची आहे.

खरा घोळ ओतकामात होतो. अस्सल चापावरून थेट साचा घेतला की आधी मेण आकसतं, मग पोलाद. दोन्ही मिळून साधारण 2 ते 3 टक्के. चापाचे भाग जिच्यावर बसतात ती 170 मिमीची पट्टी चारेक मिमीने तोकडी निघते. तिच्यात मूळ मापाचा टम्बलर (घोड्यासोबत फिरणारा आतला तुकडा) घालायला गेलं की भोकं जुळत नाहीत, आणि पट्टी थंड होताना वाकली असेल तर विचारायलाच नको.

यंत्र लावायचं ते भोकांना आणि चौकोनाला. पट्टी आणि आतला ब्रिडल (टम्बलरला दुसऱ्या बाजूने आधार देणारा तुकडा) एकत्र आवळून टम्बलरची दोन्ही भोकं एकाच सेटिंगमध्ये रीमरने, म्हणजे भोक नेमक्या मापाला आणणाऱ्या हत्याराने, काढावीत. वेगवेगळी काढली तर आस तिरपा होतो आणि टम्बलर पट्टीला घासत फिरतो. घोडा ज्या चौकोनावर बसतो, तो आठ मिमीचा असेल आणि त्यात फक्त 0.1 मिमी ढिलाई राहिली, तरी आसापासून 48 मिमी दूर असलेल्या गारेच्या टोकाला तोच खेळ सव्वा मिमीच्या आसपास होतो. कानशीने हा चौकोन बसवणारे हात आता किती उरलेत? वायरकट, म्हणजे तारेतल्या विजेच्या ठिणग्यांनी धातू कापणारं यंत्र, हे काम बिनबोभाट करतो. मात्र वायरकटने कापलेल्या पृष्ठावर वितळून पुन्हा गोठलेला काही मायक्रॉनचा ठिसूळ थर राहतो. सिअरच्या (चढवलेला घोडा अडवून धरणाऱ्या खिट्टीच्या) नाकावर आणि टम्बलरच्या खाचेत तो दगडाने घासून काढलाच पाहिजे, नाहीतर कड झडते आणि चढवलेला घोडा आपोआप सुटू शकतो.

स्प्रिंगचं आणि पात्याचं काम मात्र डोळ्यांचं आणि भट्टीचं. ठिणगी पडते ती गार पोलादी पात्यावरून बारीक कीस खरवडते म्हणून. 1095सारखं जास्त कार्बनचं पोलाद 800 अंशांच्या आसपास तापवून तेलात विझवायचं आणि 200 अंशांच्या आत, फिक्या गवती रंगावर, टेंपर करायचं, म्हणजे पुन्हा हलकं तापवून ठिसूळपणा घालवायचा. पातं मऊ राहिलं तर गार त्यात रुतते. टेंपरच केलं नाही तर खुराशी, म्हणजे पात्याच्या बुडाशी, तडकतं. म्हणून खुराचा कडकपणा थोडा जास्त उतरवतात. मुख्य स्प्रिंगला 370 ते 400 अंश लागतात, त्याहून कमी टेंपर केली तर ती मोडते. शिवाय तिच्यावर आडवा कानशीचा ओरखडा राहिला, तर नेमकी तिथूनच मोडते.

महादजी शिंद्यांच्या कवायती पलटणी याच चकमकी बंदुका वापरत, त्यामुळे आपल्याकडेही प्रतिकृतींची हौस आहे. (1959च्या शस्त्र कायद्यात बंदुकीचे भागही येतात, हे हौशी मंडळींनी विसरू नये.) प्रतिकृतीसोबत चाप ओतीव आहे की मिलिंगचा, पोलाद कोणतं आणि पात्याचा कडकपणा किती, हे विकणाऱ्याने लिहून द्यावं. 'हस्तनिर्मित' या एका शब्दाने काहीच कळत नाही. तोवर बारीक कानस पात्याच्या कडेला हलकेच ओढून पाहावी. ती चावली तर पातं मऊ आहे, सरकली तर ठीक.

— टूलरूममधले एक वाचक, भोसरी