धरणसाठ्याशेजारी पाण्याचे तापमानही छापावे

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात एखाद्या तलावाच्या काठी मेलेल्या माशांचा खच दिसला की पाण्यात कोणीतरी विष कालवल्याचा संशय आधी घेतला जातो आणि बातमीही तशीच येते. काही ठिकाणी तो संशय खरा असेलही. परंतु शेततळ्यात कटला, रोहू आणि मृगळ पाळताना जे पाहत आलो, त्यावरून बऱ्याचदा दोष तापलेल्या पाण्याचाच असतो, असे माझे मत झाले आहे.

२० अंश सेल्सिअसच्या एक लिटर गोड्या पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळतो. ३० अंशांवर जेमतेम साडेसात मिलिग्रॅम मावतो, आणि माशाची प्राणवायूची गरज नेमकी तेव्हाच वाढलेली असते. रात्री शेवाळही प्राणवायू देण्याऐवजी घेत असल्याने पहाट सर्वांत अवघड जाते. बॅटरीच्या उजेडात पाहिले तर पाण्याच्या वरच्या अंगाला शेकडो तोंडे उघडमीट करताना दिसतात, आणि एरवी चाहूल लागताच तळ गाठणारे मासे काठावर पाय आपटला तरी हलत नाहीत. त्याआधीच त्यांनी खाद्य सोडलेले असते. नवखा माणूस त्याला रोग समजून औषध टाकतो. मरळ तेवढा बेफिकीर, कारण तो थेट हवेतून श्वास घेऊ शकतो.

याहून फसवा वळीव. एका जोरदार सरीत वरचे पाणी थंड होऊन खाली बसते, तळाचे प्राणवायू संपलेले पाणी वर येते आणि सकाळी मासे तरंगतात. गावात मग वीज पडल्याची चर्चा रंगते.

पाणी लवकर तापले की कटल्याच्या मादीची अंडीही लवकर पिकतात, पण नदीला पूर आल्याशिवाय ती अंडी घालत नाही आणि जून कोरडा गेला तर ती पोटातच जिरतात. पश्चिम बंगालच्या मत्स्यबीज केंद्रांत प्रजननाचा हंगाम मार्चपर्यंत अलीकडे आल्याची नोंद बराकपूरच्या केंद्रीय अंतर्देशीय मत्स्य संशोधन संस्थेने केली आहे. मात्र केंद्रातल्या माशाला अंडी घालायला लावणारे संप्रेरकाचे इंजेक्शन देता येते, भीमेतल्या माशाला नाही.

आपल्या दैनिकात धरणांचा साठा टीएमसीमध्ये छापून येतो. मार्च ते जून या काळात उजनीसारख्या जलाशयाचे पहाटेचे तापमान आणि विरघळलेला प्राणवायू जलसंपदा विभागाने मोजावा व आपण तो त्याच चौकटीत द्यावा, म्हणजे खाद्य कधी थांबवायचे, मासळी कधी काढून घ्यायची, याचा अंदाज मच्छीमार संस्थांना आणि आम्हा शेततळेवाल्यांना वेळेत येईल.

आपला,
एक मत्स्यपालक, करमाळा (जि. सोलापूर)