चित्रकथीला मुख्य मंडपात जागा द्या

महोदय,

साहित्य संमेलनात गाणे, नाट्य, चित्र यांना जागा मिळते, नाही असे नाही. पण बहुधा परिसंवाद उरकल्यावर, रात्रीच्या ‘सांस्कृतिक कार्यक्रमा’त. लेखन मात्र मुख्य मंडपात.

कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर समाजाने चित्रकथी जपली आहे. रामायण-महाभारतातल्या प्रसंगांची एकेक चित्र असलेली पोथी प्रेक्षकांसमोर धरायची, चित्र बदलत जायचे आणि वीणा, टाळ, हुडूक यांच्या साथीने कथा गात-बोलत पुढे न्यायची. शब्द, सूर, अभिनय आणि चित्रमालिका, सारे एकाच बैठकीत! या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१मध्ये पद्मश्री जाहीर झाली. तरी साहित्याच्या चर्चेत तिचे नाव क्वचितच निघते.

कॉमिक्सचेही तेच. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मराठीतून वाचत एक पिढी मोठी झाली, पण चित्रांतून गोष्ट रचणाऱ्याला लेखक म्हणताना आपली जीभ अडखळते.

आगामी संमेलनात एखादी कथा चित्रकथी कलावंत, कॉमिक्सकार आणि कादंबरीकार यांनी आपापल्या रीतीने मुख्य व्यासपीठावर सांगावी, मग तिघांनी तिच्या रचनेवर बोलावे. वेळ कुठून आणायचा? शाल-श्रीफळांचे दोन-चार सत्कार कमी केले तरी पुरे.

– एक वाचक, कणकवली