सवलती द्या, पण अटी घालून

मा. संपादक,

बिडकीनला टोयोटाचा कारखाना येणार, याचा वाळूजमध्ये सगळ्यांनाच आनंद आहे. जुलै 2024 मध्ये राज्य सरकारशी करार झाला, गुंतवणूक सुमारे 20 हजार कोटींची. मराठवाड्याला हे हवंच होतं.

पण माझ्या शेडमध्ये दोन डाय, म्हणजे गाड्यांचे पार्ट बनवायचे साचे, ऑइल लावून गोणपाटात गुंडाळून पडल्यात. ज्या कंपनीच्या पार्टसाठी त्या बनवल्या, ती परदेशात दुसऱ्या कंपनीत विलीन झाली, मॉडेल बंद पडलं आणि ऑर्डर एका ई-मेलवर थांबली. डायसाठी काढलेल्या कर्जाचे हप्ते मी अजून भरतोय. चार पोरं कामावरून कमी करावी लागली. त्यातला एक पैठणचा, नुकतंच लग्न झालेला.

सरकार अशा वेळी अटी घालू शकतं. 2009 मध्ये अमेरिकी सरकारने क्रायस्लर ही तिथली कार कंपनी वाचवताना इटलीच्या फियाटला तिच्यात आधी 20 टक्केच हिस्सा दिला. पुढचा हिस्सा टप्प्याटप्प्याने, अटी पूर्ण झाल्यावर. त्यातली एक अट होती, कमी इंधन खाणारं इंजिन अमेरिकेतल्या कारखान्यातच बनवायचं.

आपल्याकडेही सरकारने मोठ्या कंपन्यांना सवलती देताना करारात लिहून घ्यावं: मालकी बदलली तरी स्थानिक पुरवठादारांच्या ऑर्डर किमान वर्षभर चालू राहतील आणि डायचा खर्च कंपनी भरून देईल. आमच्या लोकप्रतिनिधींनी हा मुद्दा येत्या अधिवेशनात मांडावा, ही कळकळीची विनंती.

– एक लघुउद्योजक, वाळूज, छत्रपती संभाजीनगर