दोन खुर्च्या, दोन टॉवेल

फिजिओ मॅडम,

नमस्कार. नाव लिहू नका म्हणालात, म्हणून लिहीत नाही. पण पत्र मात्र उघड्यावरच लिहिणार. साडेतीन वर्षं मी जे तोंड मिटून सोसलं, तेच माझ्या शेजारी पाटावर बसून भाकऱ्या थापणाऱ्या आणखी दोघी सोसतायत, हे मला आत्ता आत्ता कळलं.

मी कडक भाकरी करून विकते. मंगळवेढ्याची मालदांडी ज्वारी, पुढ्यात परात, मागे भिंत. कंबर धरली तेव्हा सगळे म्हणाले, बसून बसून धरली. मलाही तसंच वाटलं. एका डॉक्टरांनी पट्टा दिला, दुसऱ्यांनी इंजेक्शनं. मग एमआरआय. त्यासाठी भिशीचे पैसे गेले आणि रिपोर्ट आला नॉर्मल. रिपोर्ट नॉर्मल आला की पेशंटच खोटा ठरतो, हे मला त्या दिवशी समजलं. एका मोठ्या दवाखान्यातल्या साहेबांनी तर मान वर न करता सांगितलं, ‘चाळिशीनंतर बायकांचं असंच असतं,’ आणि पुढच्या पेशंटसाठी बेल वाजवली. त्यांच्याही घरात कुणीतरी चाळिशी ओलांडली असेलच की.

खोकला आला, शिंक आली, पिठाचा डबा उचलला की लघवीचे थेंब जायचे, हे त्यांच्यातल्या एकानेही विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. कंबरेच्या डॉक्टरला ते कशाला सांगायचं? नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं. दोन वर्षं सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रासुद्धा चुकवली, कारण देवाच्या लग्नाच्या अक्षता सोहळ्याच्या त्या गर्दीत अडकलं की बाहेर पडणं आपल्या हातात नसतं.

तुमच्याकडे आले त्या दिवशी जिन्यात खोकल्याची उबळ आली होती. तुम्ही ‘बसा काकू’ म्हणालात, मी म्हणाले, ‘उभंच बरं वाटतं.’ तुम्ही एकदा माझ्याकडे बघितलंत, पदर पुढे ओढून धरला होता तो बघितलात, आणि काही बोलला नाहीत. उठलात, दार लावलंत. कपाटातून दोन टॉवेल काढलेत, आपल्या सोलापूरचेच, निळ्या काठाचे. एक घडी करून माझ्या खुर्चीवर घातलात. दुसरा तुमच्या स्वतःच्या खुर्चीवर. मग त्यावर बसलात आणि म्हणालात, ‘हं, सांगा.’

मॅडम, तुम्हाला त्या टॉवेलची काहीच गरज नव्हती. मी घरी जाऊन रडले ते त्या दुसऱ्या टॉवेलपायी.

पुढचं तुम्हाला माहीतच आहे. ओटीपोटाच्या तळाला पुढच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची झोळी असते, श्वासाचा पडदा, पोटाचे आणि पाठीचे आतले स्नायू यांच्या जोडीने ती कंबर सावरते, हे दोन बाळंतपणं झाली तरी मला कुणी सांगितलं नव्हतं. थेंब जाऊ नये म्हणून मी ती दिवसभर आवळून धरत होते. वर मोबाइलवर बघून तीच झोळी आवळायचे केगलचे व्यायाम, दिवसाला शंभर! तपासण्याआधी तुम्ही ‘आज नको वाटलं तर आज नको’ म्हणालात, आणि तपासून झाल्यावर विचारलंत, ‘काकू, भाकरी थापताना हात ताठ ठेवला तर?’ मी म्हणाले, ‘कडा फाटतील.’ तुम्ही हसलात. ‘मग आधी सैल सोडायला शिकू. आवळायचं नंतर.’

पहिले काही आठवडे नुसता श्वास. घेताना खाली सैल सोडायचं, सोडताना हळूच वर घ्यायचं. सासूबाई म्हणाल्या, श्वास घ्यायचे पैसे देतेस का? पण पोतं उचलताना दम कोंडायचा नाही, श्वास सोडत उचलायचं, एवढ्या एका गोष्टीने दुसऱ्या दिवशीची कळ कमी झाली. सगळ्यांची कंबरदुखी यातून येत नाही, हेही तुम्हीच बजावलं होतंत, म्हणून त्या दोघींना ‘आधी दाखवून या’ एवढंच सांगितलंय. चौथ्या महिन्यात पट्टा माळ्यावर गेला. पूर्ण बरी झाले असं नाही. लग्नसराईत ऑर्डर वाढली की कंबर अजून बोलते. पण आता ती काय म्हणते ते मला कळतं.

आपल्या गावचे डॉ. कोटणीस १९३८ साली युद्धातल्या जखमींवर उपचार करायला चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले. त्यांच्याबद्दल ऐकताना शाळेत ऊर भरून यायचा. परवा वाटलं, सगळ्यांना कुठं तेवढं लांब जायला जमतं? पण टेबलाच्या पलीकडून अलीकडे यायला काय हरकत आहे? बेल वाजवणाऱ्या साहेबांना ती चार पावलं जड झाली. तुम्ही माझ्या पुतणीच्या वयाच्या, तुम्हाला नाही झाली.

या जानेवारीत अक्षता सोहळ्याला गेले होते. नंदीध्वजाच्या मानाच्या काठ्या येईपर्यंत उभी राहिले. शेजारच्या बाईच्या हातातल्या हळदीच्या अक्षतांनी मला दोनदा शिंका आल्या आणि मी तिथेच एकटी हसत सुटले. नवरा म्हणाला, काय झालं गं? म्हटलं, काही नाही झालं, म्हणूनच हसतेय.

सोमवारी येते. सोबत भाकऱ्या आणि शेंगाचटणी आणतेय, नको म्हणू नका. तुम्हाला ज्वारीची आवडते की बाजरीची, हे एवढ्या महिन्यांत विचारायचं राहूनच गेलं.

तुमची,
भाकरीवाली काकू